क्लच ऑइल घरी बदला, पण गाडी चिऱ्यावर चढवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात सासष्टीच्या एका वाचकाचं पत्र होतं. त्यांचं म्हणणं असं, की हल्ली पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघतात आणि सलाइनची नळी, इंजेक्शनची सिरिंज, पाण्याची रिकामी बाटली असलं काहीबाही घेऊन घरच्या अंगणात गाडीचं क्लच ऑइल बदलतात, हा जीवाशी खेळ आहे, वाहतूक खात्याने यावर बंदी आणावी. वाचून आधी हसू आलं, मग थोडा रागही आला, म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त चिऱ्याबद्दल, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाबद्दल, जे खाली लिहिलंय तेवढं राहू द्या.

माझी सगळी नोकरी बार्जवर इंजिनाकडे झाली. मांडवीत, जुवारीत खनिजाच्या बार्जी भरभरून चालायच्या त्या काळात भर नदीत काही बिघडलं तर मेस्त कुठून बोलावणार, हाताशी असेल त्यातूनच काम भागवायचं, त्यामुळे जुगाड म्हटलं की नाक मुरडणारा माणूस मी नव्हे. पण जुगाड कशाचा करायचा आणि कशाचा अजिबात नाही हे कळायला हवं, आणि त्या पत्रात नेमकं तेच सगळं एकत्र कालवलंय. नळीला आणि बाटलीला त्यांनी नावं ठेवली, ती बिचारी निर्दोष आहेत. क्लचच्या टाकीत काय ओतताय आणि गाडी कशावर टेकवताय यात खरा धोका आहे, त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही.

आधी एक खुलासा. ज्यांच्या गाडीचा क्लच केबलवर चालतो त्यांनी इथूनच क्रीडा पानावर गेलं तरी चालेल. मारुती ८००, अल्टो अशा गाड्यांना वायर असते, तिथे ऑइलचा प्रश्नच नाही. स्कॉर्पिओ, इनोव्हा आणि हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचा क्लच मात्र हायड्रॉलिक असतो. म्हणजे पेडलच्या मागे एक मास्टर सिलिंडर, तिथून एक बारीक पाइप, आणि खाली गिअरबॉक्सवर स्लेव्ह सिलिंडर. तुम्ही पाय दाबला की पाइपातलं फ्लुइड, ज्याला आपण क्लच ऑइल म्हणतो ते, ढकललं जातं, स्लेव्हचा दांडा पुढे सरकतो आणि क्लच सुटतो. एवढंच. यात पंप नाही, फिल्टर नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे फ्लुइड फिरत नाही. इंजिन ऑइल सगळीकडे फिरून परत येतं तसं इथे काही होत नाही, पाइपातलं फ्लुइड बोटभर पुढे जातं आणि बोटभर मागे येतं, बस्स. म्हणून स्लेव्हमध्ये जे साचलंय ते वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतं, वरच्या टाकीत तुम्ही कितीही ताजं ओता.

हे फ्लुइड म्हणजे ब्रेकचंच, डॉट ३ किंवा डॉट ४, ग्लायकॉलपासून बनलेलं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्याकडे पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच हे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. नवीन डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तोच आकडा १४० वर आलेला चालतो, डॉट ४ चा २३० वरून १५५ वर. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, किनाऱ्याला खारी हवा, आणि स्लेव्ह सिलिंडर बसलेला गिअरबॉक्सला चिकटून इंजिनची सगळी धग अंगावर घेत. त्यात पर्वरीला उड्डाणपुलाचं काम निघालं तेव्हा म्हापसा-पणजी रस्त्यावर माणूस जो हाफ क्लचवर रांगला तो विचारू नका. तरी माझं मत विचाराल तर क्लचमध्ये फ्लुइड उकळण्यापेक्षा गंजाचं दुखणं मोठं. पाण्याने सिलिंडरच्या आतल्या भिंतीला बारीक खड्डे पडतात, त्या खड्ड्यांवरून रबरी सील घासत राहतं, रबराची पूड फ्लुइडमध्ये मिसळते आणि ते काळं होतं. मग एक दिवस सील फ्लुइड सोडायला लागतं आणि पेडल खाली गेलं की वर येत नाही. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात दोन वर्षांनी किंवा ४० हजार किलोमीटरला हे फ्लुइड बदला असं लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक उघडतो कोण, ते डॅशबोर्डच्या खणात गणपतीच्या फोटोखाली दबलेलं असतं.

आता त्या वाचकांचं दुसरं म्हणणं, की असली कामं फक्त वर्कशॉपमध्येच व्हावीत. व्हावीत की, कोण नाही म्हणतंय. माझा भाचा बारदेशात राहतो, त्याच्या गाडीचं बिल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एका मोठ्या वर्कशॉपचं बिल, नाव घेत नाही, त्यात ‘ब्रेक अँड क्लच फ्लुइड रिप्लेसमेंट’ अशी स्वच्छ छापील ओळ, पैसे लावलेले. घरी आल्यावर बॉनेट उघडून पाहिलं तर टाकीतलं फ्लुइड खरंच पिवळंधमक. मग एअर फिल्टरचा डबा काढून खाली टॉर्च मारली. स्लेव्हला फ्लुइड बाहेर काढायचा एक छोटा पोकळ स्क्रू असतो, त्याला निपल म्हणतात. त्या निपलवर जी रबरी टोपी असते तिच्यावर लाल मातीचा थर तसाच्या तसा, वर कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत. तिथपर्यंत कुणाचा पानाच पोचला नव्हता. म्हणजे काय केलं, तर वरच्या टाकीतलं शोषून घेतलं आणि नवीन ओतलं, खालची घाण जागच्या जागी. आता यात मुद्दाम फसवणूक होती की पोराला कुणी शिकवलंच नव्हतं, देव जाणे. पण ज्याला शंका असेल त्याने सर्व्हिसिंगनंतर ती टोपी बघावी आणि निपलवर पान्याची ताजी खूण आहे का ते बघावं, एवढी साधी परीक्षा आहे. वर्कशॉपवाल्याला आधीच सांगून ठेवा की काढलेलं जुनं फ्लुइड मला दाखवा, तेवढ्याने पण फरक पडतो.

म्हणून भाच्याने घरी करायचं ठरवलं आणि मी त्याला अडवलं नाही, उलट जाऊन बसलो.

तर त्या बदनाम नळीकडे येतो. सलाइनची नळी मुळात या कामाला बारीक पडते, निपलवर बसतच नाही. त्यापेक्षा फिश टँकच्या दुकानात हवेची जी पारदर्शक नळी मिळते ती घ्यावी, तिचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं की निपलवर घट्ट चढते. त्याच दुकानात एक छोटा प्लास्टिकचा व्हॉल्व मिळतो, एकाच बाजूने जाऊ देणारा, टँकचं पाणी मोटरमध्ये उलटं येऊ नये म्हणून वापरतात तो. तो नळीत मध्ये बसवला, बाण बाटलीकडे करून, की गेलेलं फ्लुइड परत येत नाही आणि एकटा माणूससुद्धा काम करू शकतो. किंमत वीस-तीस रुपये. गॅरेजचं व्हॅक्यूमचं यंत्र घ्यायचं तर हजारात पैसे जातात, ते वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणार. बाटली कुठलीही पारदर्शक चालते, झाकणाला दोन भोकं पाडायची, एकातून नळी आणि दुसरं हवेला, तळाशी थोडं नवं फ्लुइड घालून नळीचं टोक त्यात बुडलेलं राहील असं बघायचं, आणि बाटली निपलपेक्षा उंचावर बांधायची. आम्ही सुंभाने बांधली. मेडिकलमध्ये ५० मिलिलिटरची मोठी सिरिंज मिळते, ती टाकीतलं जुनं फ्लुइड शोषायला. थोड्या वेळाने तिचा दट्ट्या अडकायला लागतो, कारण आतलं वंगण धुऊन जातं, पण एका कामापुरती टिकते. नवीच घ्या, दवाखान्यातली वापरलेली नळी नाहीतर सिरिंज कुणी आणून दिली तरी हात लावू नका. पेडल दाबून धरायला माणूस नसेल तर छत्री किंवा बांबूचा तुकडा पेडल आणि सीटच्या मध्ये अडकवून सीट पुढे सरकवायची. या सगळ्यात जीवाशी खेळ कुठे आला ते मला तरी दिसत नाही.

एक व्हिडिओ मात्र भाच्याने दाखवला तो बघून मीच म्हटलं बंद कर ते. त्यात टाकीच्या झाकणाला भोक पाडून त्यात स्टेपनीची हवा सोडली होती, म्हणजे फ्लुइड आपोआप खाली पळतं. प्रेशरने काढायची पद्धत आहे, खोटी नाही, पण टायरमधली तिसेक पीएसआय हवा सरळ त्या प्लास्टिकच्या टाकीवर सोडायची म्हणजे टाकी तरी तडकणार नाहीतर झाकण तरी उडणार, आणि ते फ्लुइड गाडीच्या रंगावर पडलं की रंग सोलून काढतं. डोळ्यांत उडालं तर मग त्या वाचकांचंच बरोबर ठरेल. खालून सिरिंजने नवं फ्लुइड वर ढकलायचा पण एक प्रकार आहे, तो अडकलेली हवा काढायला बरा आहे, पण जुनं फ्लुइड बदलायला नको, कारण स्लेव्हमधला सगळा गाळ तुम्ही वर पाठवताय, आणि लक्ष नसलं तर टाकी भरून वाहते ती वेगळीच.

आता फ्लुइड. इथे जुगाड शून्य. टाकीच्या झाकणावर जे छापलंय, डॉट ३ की डॉट ४, तेच घालायचं, सीलबंद बाटलीतलं. पाव लिटर पुरतं बहुतेक गाड्यांना, टाकी पण साफ करायची तर अर्धा लिटर आणा. दोन-तीनशे रुपयांचा मामला आहे, त्यात काटकसर कसली करताय. इंजिन ऑइल, पॉवर स्टीअरिंगचं ऑइल, गिअर ऑइल, यातला एक थेंब जरी त्या टाकीत गेला तरी सिलिंडरची रबरं फुगतात, आणि बऱ्याच गाड्यांत क्लचची आणि ब्रेकची टाकी एकच असते, म्हणजे क्लचच्या नादात ब्रेकची रबरं पण गेली. असं घालून गाडी चालवली तर पुढे सगळी सीलं, सगळे होज बदलायला लागतात, त्या बिलात एखादी सेकंडहँड स्कूटर येईल. घासलेट किंवा पेट्रोलने धुवायची सवय असते आपल्याकडे सगळ्यांना, ती इथे नको. पुसायचं तर स्वच्छ कापडाने, धुवायचं तर त्याच फ्लुइडने. डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं येतं ते यात मिसळत नाही, ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच आहे, आकडे बघून गोंधळ होतो म्हणून सांगितलं. आणि मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली फडताळात असेल तर ती विसरा, एक पावसाळा तिने आत काढलाय. निघालेलं फ्लुइड शेवटी शेवटी स्वच्छ दिसतं म्हणून गाळून परत वापरणारे महाभाग पण मी पाहिलेत.

चिऱ्याचं सांगतो म्हणालो होतो. काही गाड्यांत निपल वरूनच हाताला लागतं, बॅटरी नाहीतर एअर फिल्टरचा डबा काढला की झालं, त्यांनी गाडीखाली जायचं कामच नाही. पण मोठ्या गाड्यांना खालून जावं लागतं. आणि आपल्याकडे प्रत्येक घराच्या मागे कुंपणाचे, न्हाणीघराचे, कशाचे तरी उरलेले चिरे पडलेले असतात, त्यामुळे पहिला विचार तोच येतो, जॅकने गाडी उचलायची आणि खाली दोन-तीन चिरे रचायचे. हे करू नका. भिंतीत चिऱ्यावर वजन सगळीकडून सारखं येतं म्हणून घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. गाडीची चौकट त्याच्यावर एका पट्टीवर टेकते, सगळा भार दोन-तीन इंच जागेवर, आणि चिरा आतून सच्छिद्र असतो, कुठे मऊ, कुठे पोकळ, पावसात भिजलेला असेल तर आणखी ठिसूळ. तो कुरकुरत नाही, वाकत नाही, आधी काही सांगत नाही, एकदम फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचं पण तेच. आमच्या वाड्यावर एकाची गाडी अशी खाली आली, तो नुकताच पाना आणायला बाहेर आला होता म्हणून वाचला, चिऱ्याचा अक्षरशः चुरा झालेला मी पाहिलाय, वरचा अर्धा पीठ आणि खालचा अर्धा धड. लोखंडी जॅक स्टँडची जोडी विकत मिळते, ती घ्यायची नसेल तर ओळखीच्या टायरवाल्याकडून तासाभरासाठी आणा, तो देतो. नुसत्या जॅकवर तर मुळीच जाऊ नका. जॅकखाली जाड फळी घाला, कारण आपलं अंगण म्हणजे लाल माती, पहिल्या पावसानंतर जॅक लोण्यात गेल्यासारखा आत जातो. चिरा वापरायचाच असेल तर मागच्या चाकाला गाडी सरकू नये म्हणून अडवण लावा, त्या कामाला तो उत्तम.

बाकी कामात कठीण असं एकच, निपल. किनाऱ्याजवळच्या गाड्यांची निपलं गंजून बसलेली असतात. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. फिक्स पाना लावू नका, त्याने कडा गोल होतात, रिंग पाना किंवा सहा कोनी गोटी, म्हणजे सॉकेट, लावा. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा, मग सोडवा. आणि हे सगळं टाकीतलं फ्लुइड काढायच्या आधी करा. लोक काय करतात, वरची टाकी रिकामी करतात, मग खाली गेल्यावर कळतं निपल हलतच नाही, मग जोर लावतात, ते मोडतं आणि अर्धं आत राहतं. हलत नसेल तर सोडून द्या आणि सरळ मेस्ताकडे जा, त्यात कमीपणा नाही.

निपल हललं की पुढचं सोपं. टाकीतलं जुनं सिरिंजने काढायचं, नवं भरायचं, नळी लावायची. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा उघडायचं, फ्लुइड नळीत येतं, निपल बंद, मग पेडल सोडायचं. ह्या क्रमात चूक नको, निपल उघडं असताना पेडल सोडलं की हवा आत. मध्ये व्हॉल्व असेल तर एवढी काटेकोर गरज नाही, सावकाश दाबत सोडत राहिलं तरी चालतं. पहिल्यांदा भाचा आतून ओरडला, “मामा, पेडल वयर येना!” घाबरायचं कारण नाही, क्लचचं पेडल अशा वेळी खालीच चिकटून राहतं, पायाचा पंजा मागून घालून वर ओढायचं. नळीत पहिल्यांदा आलं ते इतकं काळं होतं की पलीकडचं बोट दिसत नव्हतं, त्यात रबराचे बारीक कण तरंगत होते, मग तपकिरी, मग बराच वेळ गढूळ आणि मग एकदम स्वच्छ पिवळं. ते एकदम बदलतं, हळूहळू नाही, नळीत तो रंगाचा सांधा सरकताना दिसतो. वर्कशॉपच्या बिलातल्या त्या छापील ओळीचा खरा हिशोब तिथे नळीत दिसत होता.

टाकीकडे लक्ष ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. टाकी एकच असेल तर क्लचची नळी साधारण वरच्या अंगाला असते, म्हणजे पातळी खाली गेली की आधी क्लचमध्ये हवा जाते, आणि तरीही तुम्ही पंप करतच राहिलात तर ब्रेकमध्ये. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या, यंत्रात हवा शिरली तर ती काढायला काही गाड्यांना कॉम्प्युटर लावावा लागतो, मग तुमचं घरचं काम गेलं बाराच्या भावात. म्हणून चार-पाच दाबांनंतर उठून वर बघा, भर घाला. झाकण उघडं टाकून चहाला जाऊ नका, आणि पाऊस पडत असेल तर त्या दिवशी हे काम काढूच नका. शेजारी पाण्याची बादली ठेवा, रंगावर थेंब पडला तर पुसत बसायचं नाही, भरपूर पाणी ओतायचं, ते पाण्यात विरघळतं.

सिरिंजने खालून शोषून काढणाऱ्यांना एक त्रास हमखास होतो, बुडबुडे संपतच नाहीत. अर्धा लिटर फ्लुइड जातं तरी नळीत बुडबुडे चालूच, मग वाटतं आत कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा ती हवा पाइपातली नसतेच, निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा नळीत ओढली जात असते. निपल बंद करून पेडल दाबून बघा, पेडल घट्ट असेल तर काम झालेलं आहे, बुडबुड्यांकडे बघत बसू नका. शोषण्यापेक्षा पेडलच्या दाबाने काढलं तर हा घोळच होत नाही.

शेवटी निपल बेताने आवळायचं, पहिलवानकी नको, रबरी टोपी परत लावायची, इंजिन चालू करून हँडब्रेक ओढून पाच-दहा वेळा पेडल दाबायचं आणि निपल ओलं होतंय का बघायचं. रिव्हर्स टाकून बघा, खरखर न होता पडला पाहिजे. पेडलच्या मागे डॅशबोर्डखाली बोट फिरवून बघा, तिथे ओलसर लागलं तर मास्टरचं सील गेलंय, तिथे फ्लुइड बदलून काही होणार नाही. आणि एक गैरसमज, गाडी चढावर ओढत नाही, ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडतं, चोर्ल्याच्या घाटात जळका वास येतो, ही लक्षणं क्लच प्लेट घासल्याची. त्याला फ्लुइड बदलून काडीचा उपयोग नाही. गिअर पडताना अडतो, पेडल मऊ लागतं, क्लच अगदी तळाला सुटतो, तेव्हा फ्लुइड आणि हवा यांचा संशय घ्यायचा. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असतो, तो गळायला लागला तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते अंगणातलं काम नव्हे. वॉरंटीतल्या गाडीला घरी हात लावू नका, आणि रेंट-अ-कॅबच्या गाडीला तर लावूच नका, ती दुसऱ्यांचे जीव वाहते. एबीएसवाल्या गाडीच्या ब्रेकचं काम पण मी घरी करायला सांगणार नाही, क्लच बिघडला तर गाडी जागेवर उभी राहते, ब्रेक बिघडला तर राहत नाही.

राहिला प्रश्न त्या काळ्या फ्लुइडचा, आणि इथे माझी सरकारदरबारी तक्रार आहे. हे विषारी असतं. आपल्याकडे काजूच्या दिवसांत उर्राक, फेणी कुठल्याही जुन्या बाटलीतून घरोघरी फिरते, पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या, मिळेल त्या. त्याच बाटलीत हे फ्लुइड भरून व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि कुणी अंधारात तोंडाला लावलं तर काय होईल याचा विचार करा. कुत्र्या-मांजरांनी चाटलं तरी तेच. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, गटारात नको, माडाच्या आळ्यात नको. आपल्या वाड्यांवर अजून निम्म्या घरांचं पाणी विहिरीचं आहे.

पण ठेवून मग द्यायचं कुणाला? पंचायतीची गाडी येते, प्लास्टिक, काच, पुठ्ठा वेगवेगळं करून नेते, चांगलं काम आहे, त्यांना ही बाटली दाखवली तर हात जोडतात. गॅरेजवाले जळकं इंजिन ऑइल साठवून विकतात, पण त्यात हे मिसळलेलं त्यांना चालत नाही आणि ते योग्यच आहे, वेगळं ठेवायला जागा कुठे आहे त्यांच्याकडे. मी आमच्या इथल्या एका गॅरेजवाल्याच्या हातापाया पडून वेगळ्या कॅनमध्ये ठेवायला लावलंय, तो कॅन भरल्यावर पुढे काय हे त्यालाही माहीत नाही. साळगावला २०१६ पासून एवढा मोठा कचरा प्रकल्प चालतोय, कचरा व्यवस्थापन महामंडळ आहे, पंचायती आहेत. वर्षातून दोनदा, समजा पावसाआधी आणि चवथीनंतर, प्रत्येक पंचायतीत एक दिवस ठरवून घरचं ब्रेक-क्लच फ्लुइड, कूलंट, जुनी बॅटरी असलं सगळं गोळा करायला काय हरकत आहे? सासष्टीच्या वाचकांना खात्याकडे काही मागायचंच असेल तर बंदीऐवजी हे मागावं, मी पण सही करीन. आणि कुठल्या पंचायतीत आधीपासून असं घेतात हे कुणा वाचकाला माहीत असेल तर आपल्याच सदरात कळवावं, आमच्या गॅरेजवाल्याचा कॅन भरत आलाय.

आपला,
एक जुना वाचक, कवळे-फोंडा